पाऊस कुठला?

“छान. पाऊस कुठला?”

समोरच्या पडद्यावर कितीही देखणा नकाशा आला तरी सर चष्मा पुसत एवढेच विचारत. नकाशा दाखवणाऱ्याचा चेहरा तेवढ्यात उतरे.

सर निवृत्त प्राध्यापक होते. घातक कचऱ्याच्या जागा साफ करण्यासाठी नेमलेल्या समितीत त्यांच्याकडे एकच काम होते. जमिनीत पुरलेले विष पाण्याबरोबर कुठवर जाईल, याचे भाकीत कंपन्या संगणकावर मांडून आणत. त्याला त्या मॉडेल म्हणत. त्यात त्या जागेच्या पावसाचे आकडे घालावे लागत. ते मॉडेल विश्वास ठेवण्याजोगे आहे का, हे सरांनी सांगायचे. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या त्या कार्यालयात मी बातमीदार म्हणून जात असे. बाहेर ट्रकचे भोंगे, आत सरांचे प्रश्न.

त्यांचे घर पंचवटीतल्या भिक्षुकांचे. थोरले भाऊ पत्रिका पाहत. सर सांगत, “आमचा यजमान हुशार असतो. पुढचं विचारण्याआधी मागचं विचारतो. लग्न कधी झालं, नोकरी कधी सुटली. ते जुळलं तरच भविष्य ऐकून घेतो. मॉडेललाही हाच नियम.”

यावर भाऊ म्हणत, “एवढं शिकला आणि शेवटी पत्रिकाच तपासतोय.”

नाशिकच्याच पेठ तालुक्यातल्या डोंगरात कुणीतरी रासायनिक गाळाची पिंपे पुरून पसार झाले होते. उताराखाली एक पाडा आणि पाड्याला एकच विहीर. पुण्याच्या कंपनीने मॉडेल आणले. नकाशा सगळा हिरवा. विष विहिरीपर्यंत पोचतच नाही, सबब पिंपे काढू नयेत, वर माती टाकून झाकावीत. पाड्यावरच्या एक बाई मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होत्या.

“छान. पाऊस कुठला?”

“पेठेतला, सर,” तरुण इंजिनिअर म्हणाला.

सरांचा हात चष्म्यावर थांबला. नाशिकचा माणूस ‘पेठचा पाऊस’ म्हणेल. ‘पेठेतला’ म्हणणारा पुण्याचाच.

“कुठल्या पेठेतला?”

इंजिनिअरने फाईल उघडली. बराच वेळ पाहिली. “शनिवार, सर.”

“अहो, पुण्याच्या शनिवार पेठेत पाऊस पडतो तेव्हा लोक छत्री शोधतात. आमच्या पेठला पडतो तेव्हा डोंगर शोधावा लागतो.”

सभा हसून लोळली. भावांना संध्याकाळी कळले तेव्हा ते म्हणाले, “शनी आडवा आला म्हणायचा.”

हसल्या नाहीत त्या फक्त बाई. “म्हंजे इहिरीचं काय, साहेब? पाणी प्यावं का नाय?”

सर एरवी असल्या प्रश्नाला कधी सरळ उत्तर देत नसत. ‘शक्यता’ आणि ‘परंतु’ यांच्यामधून त्यांचे वाक्य बाहेरच पडत नसे. त्या दिवशी ते उभे राहिले.

“पिऊ नका, ताई. आमचं गणित व्हायचंय. पण तुम्ही पिऊ नका.”

पेठचा खरा पाऊस घातल्यावर नकाशावरचा लाल डाग उतरत थेट विहिरीत गेला. इंजिनिअर खुशीने म्हणाला, “आता बरोबर आलं, सर!”

“लाल आलं म्हणजे बरोबर नव्हे. आधी मागचं सांग.”

पिंपे आणि विहीर यांच्या मधल्या बोअरच्या पाण्यात पूर्वी जे सापडले होते, ते मॉडेलने अचूक सांगितले. मग पिंपे निघाली, खालची मातीही उचलली. तोवर पाड्याला टँकर आला. काही पावसाळे गेले आणि एकदाचे विहिरीचे पाणी तपासणीत पास झाले.

सर तोवर पुण्याला मुलीकडे राहायला गेले होते. बाईंनी माझ्याकडे बाटली दिली. “साहेबांना द्या. बघा म्हणावं.”

मी सरांकडे पत्ता मागितला. मेसेज आला: घर, गल्ली, पेठ, पुणे. पेठेचे नावच नव्हते. मी फोन केला. “सर, पेठ कुठली?”

पलीकडून एवढे मोठे हसू आले की मुलगी धावत आली असावी.

घरी गेल्यावर मी बाटली पुढे केली. सरांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, चष्मा पुसला. मी ‘पाणी कुठलं?’ची वाट पाहत होतो. तपासणीचा कागदही खिशात तयार ठेवला होता.

त्यांनी काही विचारले नाही. झाकण उघडले आणि ते उभ्या उभ्याच अर्धी बाटली प्यायले.

उरलेली त्यांनी आत दिली. “याचा चहा कर गं,” ते मुलीला म्हणाले. “पेठचं आहे.”