दुखतं तिथे पाणी

रोज सकाळी लंडनमधल्या स्टॅनमोरच्या घरी मी दत्ताच्या तसबिरीपुढे जपाला बसायची, पण मन असायचं कार्डिफला, माझ्या धाकट्या जावेकडे. माझी मुलगी ईशा मँचेस्टरला शिकते आणि रोज संध्याकाळी फोन करते तो तिच्या काकूला. मला येतात ते मेसेज: जेवले, झोपते, ओके. घर, नोकरी, प्रवास, सगळं मी वेळच्या वेळी मार्गी लावते. हा हेवा मात्र मार्गी लागेना. देवाला सांगायचीही लाज वाटे.

ईस्टरच्या सुट्टीत आम्ही तिघी जपानला गेलो. सगळी बुकिंग माझी. डोंगरातल्या त्या गरम झऱ्यांच्या गावात गटारांच्या झाकणांतूनही वाफ येत होती. सुती झगे घातलेली माणसं लाकडी चपला वाजवत एका स्नानगृहातून दुसऱ्यात जात होती. एक जखमी बगळा रोज एकाच डबक्यात पाय बुडवून बरा झाला, म्हणून गावाला झरा सापडला, अशी तिथली गोष्ट. ईशा ती सांगत होती, पण काकूच्या हातात हात घालून, पुढे चालत. मागून नकाशा आणि छत्र्या सांभाळत येणाऱ्या मला निम्मीच ऐकू आली. त्या दोघी हसल्या की वाटे, माझ्यावरच हसल्या.

गल्लीच्या टोकाला जिझोची दगडी मूर्ती होती. जिझो म्हणजे मुलांचा राखणदार. गळ्यात लाल लाळेरं. शेजारी गरम पाण्याचं कुंड आणि ओगराळं. मी सवयीने मूर्तीच्या डोक्यावर धार धरून अभिषेकच सुरू केला. तिथल्या एक म्हाताऱ्या बाई हसल्या. त्यांनी माझं मनगट धरून थांबवलं, स्वतःच्या गुडघ्याला हात लावला आणि मूर्तीच्या गुडघ्यावर पाणी ओतलं. आपलं जिथे दुखतं, तिथे. मग त्यांनी माझ्याकडे बघून मान उडवली: तुझं कुठे?

हे मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. मी मूर्तीच्या छातीवर पाणी ओतलं.

ईशा धावत आली. “आई, तुला चेस्ट पेन आहे? कधीपासून? काकू, तू बघ ना.”

जाऊ डॉक्टर, तिने नाडी धरलीसुद्धा. ‘काही नाही’ म्हटलं असतं तर भागलं असतं. पण तोंडून निघालं ते वेगळंच. “हृदय ठीक आहे. मला हिचा हेवा वाटतो. तू सगळं हिलाच सांगतेस.”

जावेने हात सोडला नाही. “ताई, मी काही करत नाही हो. पोळ्या लाटत नुसतं ऐकते.”

“तुला सांगितलं की तू लगेच प्लॅन करतेस,” ईशा म्हणाली. “मग तो माझा प्रॉब्लेम राहतच नाही.”

जाऊ झऱ्याच्या पाण्यात उकडलेली अंडी आणायच्या निमित्ताने निघून गेली. आम्ही दोघी पलीकडे पाय शेकायच्या हौदात पाय सोडून बसलो आणि ईशाने सांगितलं, तिला हा कोर्स सोडायचाय. माझ्या जिभेवर उपाय तयार होते. ते मी गिळले. फार जड गेलं.

त्या बाई पुन्हा दिसल्या नाहीत. त्यांना तिथे कुणी आणलं, यावर मी वाद घालत नाही, हात जोडते. हेवा गेला म्हणणं खोटं ठरेल. पण आता जपाला बसले की देवाला कामं सांगत नाही. मुलगी त्याचीही आहे, एवढं मानायला शिकतेय.

ईशा अजून काकूलाच रोज फोन करते. गेल्या रविवारी मात्र मला केला. बराच वेळ बोलली. शेवटी म्हणाली, “आई, आहेस ना?”

“आहे,” मी म्हटलं.