कुंदाची दिवेलागणी

"परेरा साहेब, रात्रीचं विमान मले नाही पाहिजे," मी फोनमध्ये ओरडलो. ट्रंक कॉलवर ओरडावंच लागे, आणि त्या दिवशी मला रागही आला होता.

"गावंडे, सगळ्या फॅमिली रात्रीचंच विमान घेतात. मुलं झोपतात, सकाळी उठली की लंडन. तुमच्या पार्टीचं काय स्पेशल आहे?"

"पाच वर्षांची पोरगी आहे. झोप मोडली की तिला फीट येते."

"मग डॉक्टरला विचारा. मी तिकिटं विकतो."

"डॉक्टरला विचारूनच तुमाले फोन करून राहिलो."

परेरा हे मुंबईच्या ज्या ऑफिसातून मी विमानाची तिकिटं घेत असे, तिथले मॅनेजर. मी अकोल्याचा त्यांचा सब-एजंट. सब-एजंट म्हणजे गिऱ्हाईक शोधायचं आपण, पासपोर्टसाठी खेटे घालायचे आपण, आणि तिकिटावर शिक्का त्यांचा. हिवरखेडहून आलो तेव्हा मी मोटर स्टँडवर सीटा भरत होतो. पुढे काशी-रामेश्वरच्या यात्रा नेल्या, हाजी लोकांना मुंबईच्या बोटीवर चढवून दिलं, मग परदेशी शिकायला जाणारी पोरं येऊ लागली. दोनदा मी स्वतःच्या नावाने एजन्सी मागितली. परेरा म्हणाले, "अकोल्यातून विमानात बसणार कोण? तुम्ही आपले कापूस-सरकीचे लोक." ते वाक्य मी आजही विसरलेलो नाही.

ही पार्टी अमरावतीची होती. विष्णुपंत गुरुजी तिथले भिक्षुक. त्यांचा मुलगा माधव दोन वर्षांपासून लंडनला नोकरी करत होता. आता बायको सुमन आणि मुलगी कुंदा त्याच्याकडे निघाल्या होत्या. साठीचं दशक नुकतं सुरू झालं होतं आणि जेट विमानं नवीन होती. तारीख कोणती आणि सामान किती, एवढंच लोक विचारत. सुमनबाईंनी पहिल्याच भेटीत वेगळं विचारलं.

"हिला दोनदा झटके आले. एकदा लग्नघरी जागरण झालं तेव्हा, एकदा रात्रीच्या गाडीत. दोन्ही वेळा झोप मोडली होती. विमानात आलं तर मी एकटी काय करू?"

गुरुजी शेजारी बसून उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत होते. कुंदा माझ्या टेबलावरचा पृथ्वीचा गोल फिरवत होती.

मी त्यांच्या डॉक्टरांना जाऊन भेटलो. ते म्हणाले, "झोप कापू नका, गावंडे. पण सरकवता येते. हळूहळू सरकवा. औषधाची वेळ मी लावून देतो."

आता हे सरकवणं म्हणजे काय ते सांगतो. लंडनचा सूर्य आपल्यामागे साडेपाच तास चालतो. आपल्याकडे रात्र झाली तरी तिथे दुपार असते. विमान माणसाला एका दिवसात तिकडे नेऊन टाकतं, पण शरीर मागेच राहतं. ते आपल्याच वेळेला जेवायला मागतं आणि तिथल्या मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात उठून बसतं. आज त्याला जेट लॅग म्हणतात. तेव्हा तो शब्द माझ्या कानावर आला नव्हता. आम्ही म्हणत असू, विमान लागलं.

माझा प्लॅन साधा होता. आठवड्यातून एक विमान सकाळी निघत असे. ते घ्यायचं. बैरुतला उतरून रात्र हॉटेलात झोपायचं, दुसऱ्या दिवशी उजेडात पुढे जायचं. असा मधला मुक्काम त्याच तिकिटात बसे, पण मागितल्याशिवाय कोणी देत नसे. बैरुत हे लंडनच्या निम्म्याहून अधिक वाटेवर, अंतराने नव्हे, घड्याळाने. तिथवरची झोप आपण घरीच सरकवून ठेवायची. रोज अर्धा तास उशिरा झोपायचं आणि तितकंच उशिरा उठायचं. म्हणजे कुंदाने बैरुतपर्यंतचा प्रवास वऱ्हाडातच करायचा.

परेरांनी सकाळच्या विमानाच्या सीटा कुठल्या तरी बड्या पार्टीला दिल्या होत्या. त्याच फोनवर मी म्हणालो, "ठीक आहे. उन्हाळ्यात जाणारी माझी सगळी पोरं मी दुसऱ्या ऑफिसकडे पाठवतो." मग ते म्हणाले, "दोन सीटा काढतो. पण आवाज खाली करा."

अमरावतीला जाऊन तारीख सांगितली, तर गुरुजींनी पंचांग उघडलं आणि लगेच मिटलं.

"अमावास्या आहे. अमावास्येला मी नातीला समुद्रापार धाडू?"

"तारीख बदलली तर दिवसाचं विमान जाते, महाराज."

"मुहूर्त काही तिकिटासारखा बदलून मिळत नाही."

"तिकीट तरी कुठं मिळते? मुंबईशी भांडून आणलं ते."

"तुम्ही मुंबईशी भांडलात म्हणून मी आकाशाशी भांडू का?"

आम्ही दोघेही तापट. सुमनबाई मध्येच हळू आवाजात म्हणाल्या, "मामंजी, आठवडाभर आधी चांगला दिवस आहे ना? प्रस्थान ठेवलं तर?"

प्रस्थान आजच्या वाचकांना ठाऊक नसेल. निघायच्या दिवशी मुहूर्त नसला, तर आधीच्या चांगल्या दिवशी घर सोडायचं, बोचकं घेऊन दुसऱ्याच्या घरी जायचं आणि तिथून पुढे प्रवासाला निघायचं. एकदा निघाल्यावर मात्र परत घरात पाऊल टाकायचं नाही.

मला ते ऐकून बरं वाटलं, आणि कारण माझं स्वतःचं होतं. गुरुजींच्या घरी झोप सरकणं शक्यच नव्हतं. पहाटे त्यांची घंटा वाजे, शिष्य वेदाची संथा म्हणत, त्यात कुंदाही उठून बसे. मी म्हणालो, "प्रस्थान माझ्या घरी ठेवा. अकोल्याले."

गुरुजी माझ्याकडे पाहत राहिले. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला कळत होतं. आम्ही कुणब्याचे, ते भिक्षुक. मी म्हणालो, "वेगळी चूल मांडून देतो."

"चूल कशाला?" सुमनबाई म्हणाल्या. "मी त्यांच्याच स्वयंपाकघरात रांधीन."

गुरुजींनी पंचांग कापडात बांधलं. "प्रस्थान कोणाच्या घरी ठेवावं, ते यात लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "न्या."

अशी कुंदा आमच्याकडे आली. आम्हाला मूलबाळ नव्हतं. माझ्या बायकोने, कमलने, पहिल्याच दिवशी तिच्या खोलीच्या खिडकीला घोंगडी लावली, सकाळचा उजेड आत येऊ नये म्हणून. संध्याकाळी जागं ठेवण्याचं काम माझं. आयुष्यभर मी लोकांशी घासाघीस केली, पण त्या पोरीपुढे माझं काही चालेना. शेंदूरजनाघाटहून आलेली संत्र्यांची पेटी मी तिच्यासमोर ठेवली.

"एका गोष्टीला एक फोड. गोष्ट संपेपर्यंत जागायचं."

"आधी फोड दे," कुंदा म्हणाली.

दिली. ती खाल्ली आणि माझ्या मांडीवर झोपून गेली.

"फसवलं पोट्टीनं," मी म्हणालो.

कमल म्हणाली, "परेराले दम देता, अन् हिच्यासमोर काहून गप्प?"

तीन संध्याकाळी अशाच गेल्या. तिला हलवून उठवायचं तर डॉक्टरांनी बजावलेलं आठवे. सुमनबाई रात्री मुलीच्या अंगावर हात ठेवून बसून राहत. विमानाचा दिवस जवळ येत होता आणि कुंदाची झोप अमरावतीहून तसूभर हलली नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारच्या मोटरने गुरुजी आले. नातीला घरी नेता येत नव्हतं, म्हणून तेच आले. तिन्हीसांजेला कमलने देवाजवळ दिवा लावला. गुरुजींनी कुंदाला मांडीवर घेऊन शुभंकरोति म्हटलं. ती चार घास जेवली आणि गाढ झोपली.

माझं डोकं फिरलं. "महाराज, तुमीच तिले झोपवून राहिले."

"हळू बोला, पोरगी उठेल," कमल म्हणाली.

"उठली तर बरंच होईल."

सुमनबाई म्हणाल्या, "भाऊ, ती शुभंकरोति झालं की झोपतेच. तान्ही होती तेव्हापासून. इथं पण मी रोज म्हणतेच की."

तेव्हा मला उमगलं. आम्ही घड्याळाकडे पाहत होतो आणि पोरगी दिव्याकडे. दिवा लागला की तिची रात्र सुरू. मी गुरुजींना म्हणालो, "मग दिवाच उशिरा लावू."

"दिवेलागण मी तुमच्या घड्याळावर नेऊ?"

"माझ्या नाही. तिच्या बापाच्या."

गुरुजींनी नातीच्या अंगावर उपरणं घातलं आणि विचारलं, "तिथं आत्ता किती वाजले असतील?"

"दुपार आहे. ऊन असेल, निघालं असलं तर."

"म्हणजे माधव कामावर असेल." ते समईकडे पाहत राहिले. "दोन वर्षं मी सांजेला देवापुढे त्याचं नाव घेतो. मला वाटे, तोही तेव्हाच दिवा लावत असेल. आपण दोघं एकाच वेळी हात जोडतो, असं मी धरून चाललो होतो."

माझा राग तिथेच संपला. मी त्यांना संत्रं सोलून दिलं.

दुसऱ्या दिवसापासून गुरुजींनी स्वतःची संध्या वेळेवर केली, पण आतल्या खोलीत, दार लोटून. मी कुंदाला ओसरीवर मोठ्या बल्बखाली घेऊन बसलो. संध्या आटोपून गुरुजी बाहेर येताच तिने विचारलं, "आजोबा, दिवा काहून नाही लावला?"

"बाबाच्या गावी अजून ऊन आहे. तिथं सांज झाली की आपण लावू," गुरुजी म्हणाले.

"मग मी झोपू नको?"

"उन्हात कोणी झोपते का?" मी म्हणालो.

आणि ती झोपली नाही. संत्र्याच्या साली पाण्याच्या बादलीत तरंगवत बसली. नेहमीपेक्षा तासभर उशिरा गुरुजींनी दुसरा दिवा लावला, पश्चिमेकडे तोंड करून, आणि शुभंकरोति म्हटलं. जेवून ती लगेच झोपली. सकाळी घोंगडीमागे अंधार होता, आणि गुरुजींनी पूजा केली ती घंटा न वाजवता. कुंदा उशिरा उठली, आपल्या आपण, हसत. त्यानंतर रोज दुसरा दिवा थोडा पुढे सरकत गेला. आधीचे दिवस वाया गेले होते, म्हणून सगळी वाट घरी सरली नाही. तरी निम्मी सरली.

त्या दोघी निघेपर्यंत गुरुजी आमच्याकडेच राहिले.

मुंबईला मी सोबत गेलो. दिवसाची गाडी धरली, रात्री सुमनबाईंच्या मावशीकडे झोपलो. विमानतळावर त्यांना शेवटचं समजावलं. "बैरुतले हॉटेलच्या घड्याळावर सांज करा. विमानात खाली ऊन असेपर्यंत हिले खिडकीशी बसवा."

"हॉटेलात दिवा कुठला लावू?"

"बटण दाबा."

"बटण दाबून शुभंकरोति?"

"महाराजांनी परवानगी दिली आहे. मी घासाघीस करून मिळवली."

त्या पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. कुंदाने माझं बोट धरलं होतं. ते सोडवताना मला फार वेळ लागला.

अकोल्याला परतलो तर गुरुजी अमरावतीला गेलेच नव्हते. रोज सकाळी माझ्या ऑफिसात येऊन बसत. मला काम सुचेना, त्यांना जप सुचेना. तार आली ती इंग्रजीत होती. पोचलो, कुंदा दोन्ही रात्री नीट झोपली, सर्व ठीक.

"झटका?" गुरुजींनी विचारलं.

"नाही."

"पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचली. त्यांनी उपरण्याने डोळे पुसले, छत्री उचलली आणि दुपारच्या मोटरने घरी गेले.

पुढे सुमनबाईंनी लंडनमध्ये ओळखीच्यांना सांगितलं, त्यांनी आपापल्या घरी लिहिलं, आणि लेकुरवाळ्या बायका माझा पत्ता विचारत येऊ लागल्या. परेरांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी स्वतःहून फोन केला, फार गोड बोलून सगळं विचारून घेतलं. दोन महिन्यांनी त्यांच्या ऑफिसचा छापील कागद माझ्याकडे आला. लहान मुलांसह प्रवास करणाऱ्यांसाठी सूचना. सकाळचं विमान घ्यावं, मधे मुक्काम करावा, झोप आठवडाभर आधीपासून सरकवावी. सगळं माझं, आणि खाली नाव त्यांचं. एजन्सी मात्र तेव्हाही मिळाली नाही.

त्यांच्याकडून गेलेली मुलं तरी कुरकुरत, आणि परेरा मला विचारत की गावंडे, तुमचीच पोरं नीट कशी झोपतात. मी म्हणे, हवापाण्याचा फरक असेल. प्रत्येक घरी मूल कशाने झोपतं, हे आधी विचारून घ्यावं लागतं. कोणाकडे ती आजोबांची शुभंकरोति असते, कोणाकडे म्हशीची धार, कोणाकडे बापाच्या सायकलची घंटी. तेच आधी सरकवायचं, झोप त्याच्या मागून येते. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. धंद्यात सगळंच फोनवर सांगून टाकू नये.