डोंग्यात उभं राहताना

भामरागडला मी गेले होते नद्यांचा संगम बघायला. पण सकाळी काठावरून एक म्हातारा दिसला. एकाच झाडाचं खोड कोरून केलेल्या अरुंद डोंग्यात तो सरळ उभा होता आणि अंगण झाडावं तितक्या सहज लांब वल्ह्यानं पाणी मागे लोटत होता. आपणही हे शिकायचं, असं माझ्या मनानं घेतलं.

तो काठाला लागल्यावर विचारलं, "भाऊ, मला शिकवाल?"

त्यानं आधी माझ्या बॅगेकडे पाहिलं. "शिकवतो. पन बॅग आन मोबाईल इथी माह्या बायकोजवळ ठेवा. फोटो नाई काढाचा."

"का?"

"मांगच्या साली एकानं फोटो काढून मोबाईलवर टाकला. मंग चौकशीवाले आले, कोन्या जंगलातलं झाड तोडलं मनून. माह्या भावाचा डोंगा घेऊन गेले. पावसाड्यात रस्ता बुडते. बिमार मानूस दवाखान्यात नेवाले गावात आता हा एकच हाय."

मी पुण्याची, रिक्षाचा मीटर डोळ्यांत तेल घालून बघणारी. मला ही गोष्ट फारच जुळवून सांगितलेली वाटली. मी भर पाण्यात, बॅग काठावर आणि बॅगेपाशी याची बायको! बॅग तिला दिली, पण मोबाईल गुपचूप कुर्त्याच्या खिशात सरकवला.

डोंग्यात पाय ठेवला तशी ती वस्तू अशी डुचमळली की मी "आई गं" म्हणून खालीच बसले. तो हसला. मला उठवून तो माझ्या पाठीमागे उभा राहिला, तेही मला आवडलं नाही.

"गुडघे ढिले सोडा. पान्याकडे नका पाहू, समोरच्या झाडाकडे पाहा."

मी काठाकडे पाहत होते. त्याची बायको बॅगेला हात लावते का, एवढंच माझं लक्ष.

"काऊन मांगं पाहून राह्यल्या बाई? वजन तिकडे जाते."

शेवटी त्यानं वल्हं माझ्या हाती दिलं आणि वल्ह्याचे दोन फटके नीट बसले. डोंगा खरंच पुढे सरकला आणि मी लहान मुलीसारखी खूश झाले. तिसऱ्या वेळी जोरात वाकले आणि मोबाईल खिशातून निसटून आमच्या दोघांच्या मधे पडला.

त्यानं मोबाईलकडे पाहिलं. माझ्या हातातून वल्हं घेतलं आणि डोंगा काठाकडे वळवला.

"भाऊ, मी फोटो नाही काढला हो. हे बघा." मी घाईघाईनं मोबाईल उघडून त्याच्यापुढे धरला. पहिलाच फोटो त्याचा होता. सकाळी, त्याच्याशी बोलायच्या आधी, मीच काढलेला. माझ्या ध्यानातही नव्हता. त्याच्यादेखत पुसून टाकला.

"गेला, भाऊ. बघा."

"मांगच्या सालचा तो बी असाच मने," तो म्हणाला. "उतरा."

दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेले. लाज वाटत होती आणि खरं सांगायचं तर थोडा रागही होता, की एवढ्याशा गोष्टीचं यानं केवढं केलं. काठावर त्याची बायको एकटीच भांडी घासत होती. डोंगा कुठेच दिसेना.

"बाई, भाऊ कुठे गेले? आणि डोंगा?"

तिनं मान वर केली. मला कधी पाहिलंच नव्हतं, अशा नजरेनं.

"कोनता डोंगा? आमच्या गावात डोंगा नाई."