नळखात्यातले कारकून

नळखात्यातले ते कारकून बोलताना माणसाच्या तोंडाकडं नाही, हातांकडं बघत. नखांत जोडणीचा सफेदा दिसला की विचारत, "पावणं, आज कुणाचा नळ जोडलासा?" महाराजांच्या राज्यात परवान्याशिवाय नळाचा सांधा आवळणं काय, सैल करणं काय, दोन्ही नळकामच, हा नियम त्यांनी इतक्यांदा ऐकवला की तिसरीत शाळा सोडलेल्या मलाही तो पाढ्यासारखा पाठ झाला.

मी खानदेशातून नळकाम करायला आलेला. माझा परवान्याचा अर्ज त्यांच्याच टेबलावर होता. तो फेटाळला असता तर गावी परतणं एवढंच उरलं असतं.

एका सकाळी त्यांनी मला आपल्या घरी नेलं. अंगणातला नळ सांध्यातून भळाभळा गळत होता.

"आवळा की जरा! कोण बघतंय?"

मी हात पाठीमागं बांधले. "परवाना नाही, रावसाहेब."

"आन् पाणी वाया चाललंय ते?"

"खाली बादली लावतो."

ते खुदकन हसले. दुसऱ्याच दिवशी परवाना हातात पडला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण त्यांच्या अंगणातल्या त्या सांध्यावर पान्याचे ताजे ओरखडे होते, आणि परवाना त्यांच्याकडंही नव्हता, हे मी आजवर कुणाला बोललो नाही.