तंजावूरचा टिपकागद

स्क्रीनशॉट आणि किस्से, दोन्ही कुणी मुद्दाम साठवत नाही. 'असू दे, कधीतरी लागेल' म्हणून ठेवलेले असतात आणि एक दिवस बघावं तर जागाच संपलेली! आमचा तर धंदाच स्क्रीनशॉटचा, त्यामुळे माझ्याकडे दोन्हींचा ढीग आहे.

तंजावूरला राजवाड्याच्या मागच्या गल्लीत, औषधांच्या दुकानावर आमचं ऑफिस. आम्ही 'टिपकागद' नावाचं सॉफ्टवेअर बनवतो. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर दिसेल ते टिपायचं, त्यावर बाण-बिण काढायचे, नीट लावून ठेवायचं आणि हव्या त्या माणसाला पाठवायचं. मालक सेतुराम राव. ते आमच्यासारखेच तंजावूरचे मराठी, पण इथल्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांचे 'राव सार'. ग्राहकांच्या तक्रारी ऐकायला मीनाक्षी अक्का. आणि 'चांगलं सॉफ्टवेअर काय फक्त मोठ्या शहरांतच होतं?' असं भांडून पुण्याहून शिकून परत आलेली मी.

पहिल्याच दिवशी राव सारांनी मला एक चूक दाखवायला स्क्रीनशॉट पाठवला. म्हणजे काय केलं? मोबाइलनं स्क्रीनचा फोटो काढला. तो समोरच बसलेल्या मीनाक्षी अक्कांना व्हॉट्सअ‍ॅप केला. अक्कांनी प्रिंट काढली. सारांनी तिच्यावर लाल पेनानं बाण काढला, ती स्कॅन केली आणि मला ईमेल केली.

मी विचारलं, "सार, आपला टिपकागद?"

"तो विकायचा असतो गे!"

*

टिपकागद प्रत्येक चित्राला आपोआप तारीख-वेळेचं नाव देतो. मला वाटायचं, किती सोयीचं! एका शुक्रवारी मी कुंभकोणमच्या भांड्यांच्या दुकानदाराला दरपत्रकाचा स्क्रीनशॉट पाठवला. दहाव्या मिनिटाला फोन. "अम्मा, चित्राच्या नावातच अकरा-दहा लिहिलंय. शुक्रवारी अकरा-दहाला राहुकाळ! राहुकाळातले दर मी कसे मान्य करू?"

राव सारांनी मला बोलावलं. "राहुकाळात काढलेल्या चित्रांना पुढची वेळ पडेल असं करून टाक."

मी उभ्या उभ्या भाषण ठोकलं. नोंद म्हणजे नोंद, वेळेत फेरफार म्हणजे खोटेपणा, सत्याशी तडजोड नाही!

सारांनी शांतपणे घड्याळ बघितलं. "सत्य बारानंतर सांग गे. आत्ता राहुकाळ चालू आहे."

*

मग आयुधपूजा आली. आमच्याकडे त्या दिवशी कोयत्यापासून कॉम्प्युटरपर्यंत सगळ्याला चंदन-कुंकू लागतं. सुट्टीनंतर त्याच भांड्यांच्या दुकानदाराची तक्रार आली: "टिपकागद बिघडला. कुठलंही चित्र उघडलं की मधोमध लाल ठिपका!"

मी त्याची चित्रं मागवून तपासली. एकातही ठिपका नाही. तसं कळवलं, तर तक्रार वाढली: "म्हणजे पाठवताना ठिपका गळूनही जातो!"

अक्कांनी फोन हातात घेतला. "अण्णा, ओलं फडकं घ्या आणि स्क्रीन पुसा."

पलीकडून आवाज आला, "पुसू कशाला? पूजेचं कुंकू आहे. तुम्हीच असं करा ना, की ते चित्रातही येईल!"

राव सारांनी ही मागणी पुढच्या आवृत्तीच्या कामांत सगळ्यात वर घातली.

*

टिपकागदात एक सोय आहे. खाजगी मजकुरावर बोट फिरवल्यासारखा माउस फिरवायचा, की तेवढा भाग धूसर होतो. बँकेचे आकडे वगैरे झाकायला मी ती मोठ्या तळमळीनं केली होती.

सारांची बहीण, सुभद्रा आत्या, मुलीसाठी स्थळं बघत होत्या. भावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळालेलं. त्यांनी मुलीचा फोटो आणि जातक, म्हणजे पत्रिका, मुलाकडच्यांना पाठवलं. पण दृष्ट लागू नये म्हणून आधी मुलीचा चेहरा धूसर केला. मग रंगावरून कुणी बोलू नये म्हणून हातही. जातकातलं वय केलं, नक्षत्र केलं. शेवटी स्वच्छ राहिली ती फक्त साडी.

दोन दिवसांनी निरोप आला: "मुलगी पसंत आहे."

आत्या मला म्हणाल्या, "बघ! आणि तू म्हणत होतीस, माणसाला सगळी माहिती मिळायला पाहिजे!"

*

या सगळ्यात आमचं ऑफिस मात्र टांगणीला लागलं होतं. राव सारांनी सांगून टाकलं, त्रिचीच्या शण्मुगम सारांनी आपल्या सगळ्या कापडदुकानांसाठी टिपकागद घेतला, तर आपण तंजावुरात राहू. नाही तर चेन्नईला जावं लागेल. छातीवर हात ठेवून ते म्हणाले, "मला काय हौस आहे? मी मरेन, पण मनानं तंजावूर सोडणार नाही!"

मीनाक्षी अक्कांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. चेन्नई म्हणजे अक्कांची नोकरी गेली. आणि माझं 'इथंच राहून करून दाखवू' तर खालच्या दुकानाच्या पायरीवरच संपणार होतं! मी जेवणखाण विसरून एकच गोष्ट तयार केली: टिपकागद आता चित्रांतली अक्षरं स्वतः वाचून त्यांचे गठ्ठे लावणार, गठ्ठ्यांना नावंही स्वतःच देणार.

शण्मुगम सार आले. नेसलेली पांढरी वेष्टी, कपाळाला विभूती, हसणं अजिबात नाही. खुर्चीत बसता बसता म्हणाले, "तयार करून ठेवलेला नमुना नको. खऱ्या माणसाचा खरा पसारा लावून दाखवा."

राव सारांना स्फुरण चढलं. "माझाच कॉम्प्युटर घ्या! सगळ्यात मोठा स्क्रीन माझा. लाव गे, अस्कं दाखव. आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही!" आमच्या मराठीत 'अस्कं' म्हणजे सगळंच्या सगळं.

मी बटण दाबलं. गठ्ठे भराभर पडू लागले. 'बिलं'. 'रेल्वे तिकिटं'. 'देवळाचा उत्सव'. आणि या सगळ्यांपेक्षा मोठा, वाढतच जाणारा चौथा गठ्ठा. त्याचं नाव आलं, 'चेन्नई फ्लॅट'.

राव सार म्हणाले, "हे राहू दे."

शण्मुगम सार म्हणाले, "उघडा."

समुद्राकडे तोंड असलेले फ्लॅट. त्यांचे नकाशे. एक नव्या ऑफिसचा नकाशा, त्यावर टेबलांची मांडणी आणि प्रत्येक टेबलावर नाव. माझं होतं. अक्कांचं नव्हतं.

अक्का त्याच वेळी कॉफी घेऊन आल्या होत्या. त्यांनी स्क्रीन नीट वाचला, एक टंबलर शण्मुगम सारांपुढे ठेवला, एक माझ्यापुढे, आणि तिसरा परत आत नेला.

राव सार घाम पुसत होते. शण्मुगम सारांनी चष्मा वर करून एकेक नकाशा न्याहाळला, कॉफी संपवली आणि उठले.

"नंबर एक सॉफ्टवेअर! ऑर्डर पक्की. पण राव सार, तो दुसरा फ्लॅट घेऊ नका. स्वयंपाकघर ईशान्येला आहे."