सभागृहाने नाकारलेली चर्चा

सविता सिस्टर निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी साक्रीच्या पश्चिमेकडच्या पाड्यांवरून तिला फोन यायचेच. अठ्ठावीस वर्षं तिने तिथल्या उपकेंद्रात काढली होती. आता ती धुळ्यात, देवपुरात, मुलाकडे राहायची. पण कुणाचं बाळ दूध ओढत नाही, कुणाचा ताप उतरत नाही, की माणसं तिलाच विचारायची.

जुलैतल्या एका शुक्रवारी संध्याकाळी पाड्यावरच्या धुरपदाबाईचा फोन आला. ती म्हणाली, "अक्का, मना झिपरू गया."

तिचा सत्तावीस वर्षांचा मुलगा झिपरू दुपारी मक्यात निंदत होता. पायाला साप चावला. भावकीतल्या दोघांनी त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून डोंगराखालच्या आरोग्य केंद्रात नेलं. तिथे सापावरची लस नव्हती. गाडी मिळवून साक्री गाठेपर्यंत साडेतीन तास गेले. साक्रीला इंजेक्शन मिळालं, पण धुळ्याला हलवताना नेर येण्याआधीच त्याचा श्वास थांबला. त्याचा जन्म सविताच्याच हातावर झाला होता.

ती पाड्यावर भेटून आली आणि परतताना आरोग्य केंद्रात शिरली. तिथल्या औषधवाल्याने कागद पुढे केला. "मागणी एप्रिलमध्येच पाठवली, सिस्टर. वरून आलंच नाही."

"वरून म्हणजे कुठून?"

त्याने नुसतं बोट वर केलं. सविताच्या अंगाची लाही लाही झाली. नोकरीत असताना हेच उत्तर आपण किती वेळा मुकाट्याने ऐकून घेतलं, हे तिला जास्त झोंबलं.

तशीच ती आमदारांच्या कार्यालयात गेली. तिथला रतिलाल मूळचा पाचोऱ्याचा. वीस वर्षं आमदारांच्या सूचना आणि प्रश्न लिहून देणारा. तो म्हणाला, "अधिवेशन चालू आहे. भाऊ स्थगन प्रस्ताव देऊ शकतील. म्हणजे त्या दिवसाचं ठरलेलं काम बाजूला ठेवून आधी यावर चर्चा घ्या, अशी मागणी."

"मग द्या की."

"नियमात बसायला हवं. घटना अलीकडची पाहिजे, निकडीची पाहिजे."

"माणूस शुक्रवारी गेला, रतिलालभाऊ. याहून अलीकडची कुठून आणू?"

रतिलालने लिहायला घेतलं. तिच्या नोकरीत या पाड्यांवर अशीच एकोणीस माणसं गेली, हेही तिने सांगितलं. वजन येईल म्हणून त्याने तेही घातलं. आमदारांनी सही केली, तिला विधानसभेच्या प्रेक्षक गॅलरीचा पास मिळवून दिला आणि सोबत मुंबईला नेलं.

गॅलरीत ती सकाळपासून ताठ बसून होती. आमदार उभे राहिले. "अध्यक्ष महोदय, माझ्या भागात सर्पदंशाने..."

"स्थगन प्रस्तावाच्या सगळ्या सूचना मी दालनात नाकारल्या आहेत. आपण खाली बसा."

झिपरूचं नावही उच्चारलं गेलं नाही. मग कुणीतरी कुणाच्या तरी जुन्या भाषणावरून टोमणा मारला, दोन्हीकडची माणसं पुढे धावली, आणि गोंधळात कामकाज आधी वीस मिनिटं, मग दिवसभरासाठी थांबलं. झिपरूसाठी ज्यांना काम थांबवता आलं नाही, त्यांना भांडणासाठी थांबवता आलं.

बाहेर आमदारांनी तिला कारण सांगितलं. प्रश्न अनेक वर्षांपासूनचा आहे, म्हणून तो अलीकडचा ठरत नाही.

"म्हणजे एकच मेला असता तर चर्चा झाली असती?" सविताने विचारलं. "आधी एकोणीस मेले म्हणून घाई नाही?"

आमदार वाईट माणूस नव्हते. ते खाली बघत म्हणाले, "लक्षवेधी सूचना देऊ. त्यावर मंत्र्यांना उत्तर द्यावं लागतं." ती दिलीही. यादीत तिचा नंबर एकतिसावा लागला. पंधरापर्यंत पोचेतो अधिवेशन संपलं.

पाड्यावर धुरपदाबाई एवढंच विचारायला थांबली होती. "अक्का, तठे मना पोऱ्यानं नाव लिधं का?"

खोटं सविताच्या जिभेवर आलं होतं. पण ती म्हणाली, "नाही घेतलं." आणि लगेच, "आपण घेऊ."

तिने सरपंच कौतिकला गाठलं. एकच विषय ठेवून खास ग्रामसभा लावायची, आणि वैद्यकीय अधिकारी, तालुक्याचे आरोग्य अधिकारी, आमदार, सगळ्यांना लेखी बोलवायचं. कौतिक कचरला. "सिस्टर, साहेब लोक येतील का?"

"आले नाहीत तर गैरहजर म्हणून लिहू."

बहुतेक त्याच भीतीने सगळे आले. अंगणवाडीच्या ओट्यावर साहेब बसले आणि समोर दोनशे माणसं. धुरपदाबाईने आधी सांगायचं, असं ठरलं होतं. ती उभी राहिली, मुलगा कधी शेतात गेला, कधी चावलं, कुठे कुणी काय सांगितलं, सगळं न रडता सांगून खाली बसली. तालुक्याचे अधिकारी म्हणाले, "पुरवठा वरून होतो."

सविता उठली. "ते आम्ही ऐकलं. एप्रिलच्या मागणीवर तुमची सही आहे. पुढचं पत्र कधी पाठवलं?"

पुढचं पत्र नव्हतंच. साहेबांनी रुमाल काढून मान पुसली. आमदारांनी तिथूनच जिल्ह्याला फोन लावला.

ठराव झाला: लस आणावी, आणि केंद्राबाहेर फळा लावून किती कुप्या शिल्लक आहेत ते रोज लिहावं. ग्रामसेवकाने 'एक इसम मयत' असं लिहिलं होतं. सविताने ते खोडायला लावून झिपरूचं पूर्ण नाव लिहून घेतलं.

पाचव्या दिवशी लस आली. सप्टेंबरात भाताच्या बांधावर साप चावलेली एक बाई त्या लसीमुळे वाचली. कौतिकने सविताचा सत्कार ठेवला. शाल पुढे आली तेव्हा तिने हात मागे घेतला.

"पाच दिवसांत येणारी वस्तू होती ही," ती म्हणाली. "शाल कसली देता? मला शरम वाटते."

धुरपदाबाई पुढे आली आणि तिच्याजवळ जाऊन बसली.

दर महिन्याला सविता देवपूरहून बस धरून त्या केंद्रावर जाते आणि फळा वाचते. दिवाळीनंतर एकदा फळ्यावर आठ दिवसांपूर्वीची तारीख होती. ती पायरीवर बसली, आणि डॉक्टर खडू घेऊन बाहेर येईपर्यंत उठली नाही.