वही की पुस्तक

आमच्या ह्यांना एका जागी बसवत नाय. जेवायला बसले तरी गुडगा हलतोय. आनि हातात कागद आला की संपलंच. वान्यानं जिरं बांधलेली पुडी सोडतील, कागद अंगठ्यात आनि बोटात धरून चोळतील, उजेडाला लावून बगतील, तोवर जिरं सगळं भुईवर! माज्या भाचीच्या लग्नाची पत्रिका आली. नवरा कोन, नवरी कोन, काय नाय. बोल्ले, "जाड कार्ड हाय, छापलेलं. ह्याचं कलम वेगळं." मी बोल्ले, "कलम गेलं खड्ड्यात, लग्न कदी हाय ते वाचा!"

हे कराव्याचे, खाडीवरचे. बाप होडीवर, आजा होडीवर. हे एकटेच फायनल पास झाले आनि मुंबईला गोदीजवळ एका क्लिअरिंग एजंटाकडं चिकटले. परदेशातून माल येतो, सरकार त्याच्यावर जकात घेतं. पन जकात किती, ते माल काय हाय त्याच्यावर. ते ठरवनार कस्टमचा साहेब, आनि त्याच्यापुडं अर्ज घेऊन उबे राहनार आमचे हे. ह्यांच्या शेठकडं सगळा कागदाचा माल. पाकिटं, वह्या, अल्बम, कार्डं. जकातीचं एक जाडजूड बुक होतं, कोनत्या मालाला कोनतं कलम नि किती जकात, ते सगळं ह्यांना तोंडपाठ. माजी सासू येसूबाई चिडायची, "गोवर्दना, जिताडा कंचा नि बोय कंची ते सांगता येत नाय तुला, नि कागद मातर डोळं झाकून वळकतोस! कोळ्याचा पोर का वान्याचा रं तू?"

सात वर्सं झाली तरी नोकरी टेंपररीच. आठवडाभर हे माजगावला मामेभावाच्या खोलीत, शनिवारी होडीनं घरी, सोमवारी भरती बगून परत. नवरा माज्या वाट्याला दीड दिवस, आनि त्या दीड दिवसात पन घरभर फिरनार. शेठ दर दिवाळीला "कायम करतो" बोलायचा, नि दिवे विजले की विसरायचा. कायम झाले की मुंबईला खोली घेऊन हे मला तिकडं नेनार होते. मला दुसरं काय नको होतं. दागिना नको, लुगडं नको. ती खोली पायजे होती.

अठ्ठावन साली शेठकडं कित्त्यांचा मोठा माल आला. इंग्रजी कित्ते. पानाच्या वरच्या अंगाला चित्र, त्याखाली छापलेली एक ओळ, आनि मग नुसत्या रेगा, पोरांनी गिरवायला. शेठ बोल्ला, हे पुस्तक हाय, पुस्तकाला जकात नाय. साहेब बोल्ला, मला तर ही वही वाटते, वहीला जकात पडते. निकाल सोमवारी व्हायचा होता. शेठनं ह्यांना सांगितलं, "पुस्तक म्हणून माल सोडव, त्याच दिवशी तू कायम."

हे शनिवारी घरी आले ते नमुन्याचा एक कित्ता पिशवीत घालून, बगून बगून अर्ज लिवायला. रविवारी सकाळपासून घरात येरझारा. दारापासून चुलीपर्यंत, चुलीपासून दारापर्यंत. मला तर चक्कर यायला लागली.

"मला पन ती वहीच वाटते गं," हे बोल्ले.

"मग वहीच म्हना."

"वही म्हटलं तर तू हितंच राहशील."

"मग पुस्तक म्हना!"

"गप बस तू."

दुपारी डोकं शांत करायला हे बंदरावर गेले. कित्ता चटईवरच राहिला. आता माजं सांगते. गावच्या शाळेत दुपारी बायकांचा वर्ग भरायचा, मी सहा महिने जात होते. पाटी माजी, पेन्सिल माजी, पन कागदावर कदी लिवलं नव्हतं. ह्या घरात सात वर्सं कागदाच्या गप्पा, पन मला कोरं पान कुनी दिलं नव्हतं. आनि त्या कित्त्याच्या रेगा काय सुंदर! हात शिवशिवायला लागला. मास्तरांनी त्याच आठवड्यात रफार शिकवलेला.

लिवायचं तरी काय? आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाय. लग्नात उखान्यात घेतलं असेल तेवढंच, ते पन मागून बायका ढोसत होत्या म्हनून. पन मी बोल्ले, लिवलं म्हंजे कुठं घेतलं? तोंड तर बंदच हाय! ह्यांचं शाईचं पेन घेतलं. गला काना-मात्रा. मग व. मग द, त्याच्या डोक्यावर रफार. मग न. फुंकर मारून शाई सुकवली आनि कित्ता मिटून होता तसा ठेवला. इतका आनंद झाला की सासूला उगाच चहा करून दिला. वह्या तर ह्यांच्याकडं पैशाला पासरी येतात, एका पानाचं काय एवढं, असंच मला वाटलं.

सोमवारी पहाटे ह्यांना पोचवायला बंदरावर गेले. होडीत चडता चडता हे बोल्ले, "पिशवी दे, जपून. नमुन्यावर साहेबाची सही हाय. जसा आनला तसा परत द्यायचा. शाईचा ठिपका जरी पडला तरी नोकरी गेली समज."

तोंड उगडेपर्यंत होडी सुटली. मी पान्यात गुडग्याएवडी शिरले नि ओरडले, "अवो! अवो!" तीन होड्या सुटलेल्या, सगळ्यांच्या बायका काठावर. माज्या "अवो"ला चार बाप्ये वळले. हे नाय वळले, ह्यांचं लक्ष अर्जात. नावानं एक हाक मारली असती तर वळले असते. तोंड उगडलं, शपथेवर सांगते, उगडलं. पन नाव काय बाहेर येईना. होडी लांब गेली.

तो दिवस कसा काडला ते माजं मला ठाऊक. भात करपला. मासळीची टोपली घेऊन निगाले आनि तराजू घरीच. तीन वेळा बंदरावर जाऊन आले. सासू बोल्ली, "नवरा शनवारी येनार तुजा, आज कुनाला बगतेस?" तिला काय सांगू? आज कुनी येऊ नये म्हनूनच मी बगत होते.

चारच्या होडीतून हे उतरले. सोमवारी! मी काय ते समजले.

"सकाळी कित्ता उगडला नि दिसलं," हे बोल्ले. "शेठ बोल्ला, पिना काड, पान ओडून टाक, कोन पानं मोजतो? मी पिन काडली पन."

"मग?"

"मग वाचलं."

"आनि?"

"पिन परत लावली."

मी कपाळावर हात मारला. हे सांगतच राहिले. साहेबानं कित्ता उगडला तो नेमका त्याच पानावर. ह्यांच्याकडं बगून बोल्ला, "तुमचं नाव गोवर्धन. इथं तर गोवर्दन लिहिलंय. हा कोणी दुसरा दिसतो, गोदीतला वगैरे. हो ना?" नाव साहेबानं घेतलं हां, मी नाय. भला मानूस, ह्यांना वाट काडून देत होता.

"मग हो म्हनायचं ना!" मी ओरडले.

"मी बोल्लो, नाय साहेब, तो मीच. बायकोनं लिवलंय, ती आत्ता शिकतेय. साहेबानं पान परत एकदा बगितलं. बोल्ला, शिकणारा जिच्यात लिहितो ती वही, मग आता वाद कसला? तसा शेरा मारला. शेठनं जिन्यातच सांगितलं, उद्यापासून येऊ नको."

माजा तोल गेला. बंदरावर मानसं उभी, तरी गेला. "खोली गेली! सात वर्सं पान्यात गेली! तो दुसरा हाय एवडं बोल्ला असता तर जीब झडली असती तुमची?" चूक माजी आनि बोंब मी त्यांच्या नावानं मारत होते. मला कळत होतं, तरी थांबवत नव्हतं.

हे खाली मान घालून ऐकत होते. मग बोल्ले, "अगं, तू पयल्यांदा मला लिवलंस. तो मी नाय, असं चारचौगांत कसं सांगू?"

मला रडू फुटलं. रागानं रडले, लाजेनं रडले, आनि खरं सांगते, सुखानं पन रडले. ओहोटी लागली होती. पदरानं नाक पुसलं आनि बोल्ले, "तो ध कसा काडतात, दाखवा."

हे ओल्या चिखलात उकिडवे बसले आनि बोटानं काडायला लागले.